डाव मांडण्याआधी

मंडळी, मागच्या वेळी आपण नियम आणि सवय यांतला फरक पाहिला. आज त्याच धाग्यावर एक उदाहरण घेतो, तेही कॉम्प्युटर गेमचं. माझ्या वयाला हे शोभत नाही असं कुणाला वाटलं तर वाटू द्या.

गेमचं नाव बॉम्बरमॅन. जपानच्या हडसन सॉफ्ट कंपनीनं १९८३ मध्ये तो काढला, पुढे त्याच्या कितीतरी आवृत्त्या आणि नकला निघाल्या. वरून पाहिलेला चक्रव्यूह असतो. लढतीच्या नेहमीच्या मैदानात आडवी १३ आणि उभी ११ घरं, मध्ये एकाआड एक असे ३० खांब, ते कशानंही फुटत नाहीत. उरलेल्या बऱ्याच घरांत विटा. तुम्ही कोपऱ्यातून निघता, बॉम्ब ठेवता, पळता. दोन-तीन सेकंदांत तो फुटतो आणि ज्वाळा चारी दिशांना सरळ जातात. विटांखाली वस्तू सापडतात: जादा बॉम्ब, लांब ज्वाळा, पायांना वेग. आणि महत्त्वाचं म्हणजे, स्वतःचा बॉम्ब स्वतःलाही मारतो.

आता सेटिंग. लढतीआधी एक तक्ता समोर येतो. किती फेऱ्या जिंकल्या की विजय, वेळ किती, कवटी हवी की नको, वगैरे. आपण तो घाईनं पुढे ढकलतो. माझं म्हणणं असं, की खरा विचार तिथेच करायचा असतो.

जॉन सर्ल यांनी दोन प्रकारचे नियम सांगितले. काही नियम आधीपासून चालू असलेल्या व्यवहाराला शिस्त लावतात; काही नियमांमुळे तो व्यवहार मुळात अस्तित्वात येतो. स्वतःच्या बॉम्बनं मरणं हा दुसऱ्या प्रकारचा नियम. तो काढला की बॉम्ब टाकून पळण्यात अर्थच उरत नाही. आवाज कमी-जास्त करणं याला तर नियमही म्हणता येणार नाही. गंमत आहे ती मधल्या सेटिंगांत.

वेळेचं घ्या. दोन सावध खेळाडू उरले की ते एकमेकांभोवती फिरतच राहतात. म्हणून शेवटच्या टप्प्यात कडेकडेनं ठोकळे पडू लागतात आणि मैदान आत आक्रसत जातं. ही सोय बंद केली की भित्र्याचं फावतं. म्हणजे धाडसाला किती भाव द्यायचा, हे तुम्ही तक्त्यावर बसून ठरवलंत. तसंच सुरुवातीच्या सामानाचं. सगळ्यांना पहिल्यापासूनच भरपूर बॉम्ब आणि लांबच लांब ज्वाळा दिल्या, तर फेरी काही क्षणांत आटोपते, आणि विटा फोडून हळूहळू ताकद जमवण्याचं कसब वाया जातं. कवटी उचलली की रोग लागतो: कधी चाल मंदावते, कधी दिशा उलट्या होतात, आणि स्पर्शानं तो दुसऱ्यालाही लागतो. कसबावर विश्वास असणारे ती बंद ठेवतात. मी चालू ठेवा म्हणेन. नाहीतर तरबेज खेळाडूला भीती कशाची?

पण सगळ्यात विचार करण्याजोगं सेटिंग वेगळंच आहे. १९९५ च्या सुपर बॉम्बरमॅन ३ मध्ये बाद झालेल्या खेळाडूला मैदानाच्या कडेनं फिरत आत बॉम्ब फेकता येतात. जपानीत त्याला 'मिसोबोन' म्हणतात. 'मिसोक्कासु' म्हणजे मिसो गाळल्यावर उरणारा चोथा; आणि पोरांच्या खेळात ज्याच्यावर राज्य येत नाही, ज्याला कुणी धरत नाही, असं लहान मूल. अहो, हा तर आपला कच्चा लिंबू! (हशा) फरक एवढाच, की आपला लिंबू-टिंबू खेळात असूनही हिशेबात नसतो, आणि हा हिशेबाबाहेर गेलेला असूनही खेळात राहतो. ही सोय बंद असली, तर पहिल्या दहा सेकंदांत मेलेला पोरगा उरलेली फेरी नुसता बघत बसतो. चालू ठेवली तर जिंकत असलेल्याला हरलेल्यांचाही विचार करावा लागतो.

इथे एका ताईंनी विचारलं: सहा वर्षांच्या नातवाशी खेळताना आजोबांनी मुद्दाम हरावं का?

नाही. मुद्दाम हरणं म्हणजे एकानं प्रयत्न करायचा आणि दुसऱ्यानं प्रयत्नाचं सोंग आणायचं. पोरांना ते कळतं, आणि कळलं की जिंकण्याची किंमत जाते. सवलत द्यायचीच तर ती उघड द्यावी. 'गो' या पटावरच्या खेळात कच्च्या खेळाडूचे काही मोहरे आधीच पटावर मांडतात, नऊपर्यंतसुद्धा, आणि मग दोघंही जीव तोडून खेळतात. त्यात कुणाचा अपमान होत नाही. बॉम्बरमॅनच्या तुमच्या आवृत्तीत प्रत्येकाचं सामान वेगळं ठरवता येत नसेल, तर तोंडी ठरवा: आजोबा पहिली तीन बक्षिसं उचलणार नाहीत. हेही सेटिंगच.

अट एकच. हे आधी ठरावं, आणि दोघांना माहीत असावं. फेरी हातची जातेय असं दिसल्यावर 'आता कवटी नको' म्हणणं याला मराठीत रडीचा डाव म्हणतात. तो आजोबांनी केला तरी रडीचाच. आणि तक्त्यासमोर एकटे बसू नका. नातवाला वाचता येत नसेल तर एकेक ओळ त्याला वाचून दाखवा, त्याचं मत विचारा. तो बहुतेक कवटी मागेल.