जनरेटर टेम्पोपासून लांबच बरा!

आषाढ जवळ आला की आपल्या परभणीकडच्या बायकांची लगबग सुरू होते. चुडावा असो, पूर्णा असो नाहीतर गंगाखेड, घरोघरी शेंगदाण्याची चटणी कुटली जाते, नऊवारी घड्या करून पिशवीत जातात. पंढरीची वाट तीच, पण डोक्यावरचं गाठोडं मात्र आता टेम्पोत गेलंय. शेगडी, भांडी, अंथरुणं, ताडपत्री, सगळा संसार त्या टेम्पोत. शहरातले हौशी लोक कॅरॅव्हॅन घेऊन फिरायला जातात; राज्य सरकारनं २०२१ मध्ये त्यासाठी धोरणसुद्धा आणलं. मग दिंडीचा टेम्पो म्हणजे आपली कॅरॅव्हॅनच की!

या टेम्पोत हल्ली आणखी एक पाहुणा असतो, पोर्टेबल जनरेटर. दोरी ओढली की भर्रकन सुरू. लोडशेडिंगच्या दिवसांत दुकानांपुढे धूर सोडत उभा असायचा, त्याचाच हा भाऊबंद. मुक्कामी चार दिवे लागतात, मोबाईल चार्ज होतात, भजनाला माईक मिळतो. रात्री बाहेर जायला उजेड असला की बाईमाणसाला केवढा धीर येतो, हे वेगळं सांगायला नको.

पण मैत्रिणींनो, आषाढात पाऊस येतो. आणि पाऊस आला की जनरेटर भिजू नये म्हणून कुणीतरी तो टेम्पोच्या आडोशाला, कधी थेट टेम्पोखाली सरकवतं. पुरुष मंडळी देवळाच्या ओसरीवर झोपतात. आत असतो आपण, लेकरं आणि म्हाताऱ्या सासूबाई, तेही ताडपत्री चारी बाजूंनी घट्ट बांधून!

डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकरा इथे रस्त्याच्या कडेला उभ्या कॅरॅव्हॅनमध्ये दोघे जण मृतावस्थेत सापडले. एसीसाठी जनरेटर चालू होता. कालिकतच्या एनआयटीच्या तज्ज्ञांनी तपासणी केली, तेव्हा जनरेटरचा विषारी वायू गाडीच्या फटीतून आत शिरल्याचं निष्पन्न झालं.

हा वायू म्हणजे कार्बन मोनॉक्साईड. त्याला ना रंग, ना वास. रक्तातला प्राणवायू वाहून नेणारा घटक प्राणवायूपेक्षा यालाच दोनशेपट घट्ट धरून ठेवतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, चक्कर येते, ग्लानी येते. दिवसभर पायी चालल्यावर हे सगळं कुणालाही होतंच, म्हणून आपण म्हणतो, ‘दमलीस गं, झोप जरा.’ तिथंच घात होतो. झोपेतल्या माणसाला तर काहीच कळत नाही. पोटुशी बाई आणि लहान लेकरं यांना धोका जास्त. एकाच टेम्पोतल्या दोघी-तिघींचं डोकं एकदम दुखायला लागलं, तर सगळ्यांना आधी मोकळ्या हवेत न्या आणि १०८ ला फोन लावा.

जनरेटर टेम्पोपासून, राहुटीपासून निदान वीस फूट लांब हवा आणि धुराचं तोंड पलीकडं. ताडपत्रीची एक बाजू उघडी ठेवली म्हणजे झालं, असं नाही. वीस फूट म्हणजे वीस फूट. भिजू नये म्हणून चार बांबूंवर वेगळं छप्पर घाला, बाजू मात्र मोकळ्या ठेवा. आणि झोपायच्या आधी बंद! रात्रीपुरता चार्जिंगचा दिवा पुरतो.

आता विजेचा हिशोब. तो आपल्याला भाकरीच्या पिठासारखाच करता यायला हवा. एक केव्हीएचा लहान जनरेटर साधारण ८०० वॅट देतो. नऊ वॅटचे दहा एलईडी दिवे म्हणजे ९० वॅट, दहा-बारा मोबाईल म्हणजे शे-दीडशे. इथवर निवांत. मिक्सर मात्र एकटाच ५०० वॅट खातो आणि सुरू होताना क्षणभर त्याहून कितीतरी जास्त ओढतो. म्हणून मसाला घरूनच वाटून न्या. इस्त्री आणि पाण्याचं हीटर तर नकोच.

शाळेत मुक्काम असेल तर आणखी एक खोड दिसते. जनरेटरची वायर थेट वर्गातल्या सॉकेटमध्ये खुपसायची, म्हणजे सगळ्या खोल्यांत उजेड! पण ती वीज उलटी खांबापर्यंत जाऊ शकते, आणि लाईट गेलेत म्हणून वर चढलेल्या लाईनमनच्या जिवावर बेतते. त्याचीही घरी कुणी वाट बघत असतेच ना? दिव्यांसाठी वेगळा बोर्ड आणि जाड वायर न्या, जोड ओल्या जमिनीवर पडू देऊ नका.

पेट्रोलचा कॅन आपल्या शेगडीजवळ ठेवायची पुरुषांना भारी सवय. तो स्वयंपाकापासून दूर, सावलीत ठेवायला सांगा. जनरेटरमध्ये पेट्रोल घालायचं ते तो बंद करून, पुरता गार झाल्यावरच. तोवर अंधारात बसायला लागलं तर टाळ आहेतच की हाताशी.