घरातील ग्रॅनाइट आणि किरणोत्सर्ग : धोका नेमका कुठे?

नवी दिल्ली : स्वयंपाकघरातील ओटा, जिन्याच्या पायऱ्या आणि फरशी यांसाठी ग्रॅनाइटचा वापर देशभर रूढ झाला आहे. हा दगड किरणोत्सारी असल्याचे ऐकून अनेक जण धास्तावतात. त्यातून अल्प किरणोत्सर्ग होतो, हे खरे. मात्र घरातील मोठा धोका बहुतांशी ओट्यातून नव्हे, तर घराखालच्या जमिनीतून येतो.

ग्रॅनाइटमध्ये युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम-४० ही किरणोत्सारी द्रव्ये निसर्गतःच असतात. त्यांचे प्रमाण खाणीनुसार बदलते. संगमरवर आणि दख्खनच्या पठारावरील काळा बेसाल्ट यांत ते सर्वसाधारणपणे बरेच कमी आढळते.

दगडातील किरणोत्सर्ग दोन मार्गांनी माणसापर्यंत पोहोचतो. पहिला मार्ग थेट गॅमा किरणांचा. निसर्गातील सर्व स्रोतांमधून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मात्रा मिळते. बांधकाम साहित्यातून घरात मिळणाऱ्या अतिरिक्त गॅमा मात्रेसाठी युरोपीय महासंघाने वार्षिक १ मिलिसिव्हर्ट ही संदर्भ पातळी ठरवली आहे.

दुसरा मार्ग रेडॉन वायूचा. युरेनियमच्या क्षयातून रेडियम आणि रेडियमपासून हा रंगहीन, गंधहीन वायू तयार होतो. त्याचे अर्धायुष्य ३.८ दिवस आहे. त्याच्या क्षयातून निर्माण होणारे कण श्वासावाटे फुफ्फुसात जाऊन पेशींना इजा करतात. जागतिक आरोग्य संघटनेनुसार, देशागणिक फुफ्फुसाच्या कर्करोगाचे ३ ते १४ टक्के रुग्ण रेडॉनमुळे उद्भवतात. धूम्रपान करणाऱ्यांना हा धोका इतरांच्या तुलनेत सुमारे २५ पट अधिक असतो.

गुळगुळीत, घट्ट ग्रॅनाइटमधून बाहेर पडणारा रेडॉन सहसा अत्यल्प असतो. जमिनीतील रेडॉन मात्र पायाच्या भेगांमधून आणि नळवाहिन्यांलगतच्या फटींतून घरात शिरतो. त्यामुळे तळघर, तळमजला आणि सतत बंद राहणाऱ्या वातानुकूलित खोल्यांत तो साचण्याची शक्यता अधिक असते.

घरातील रेडॉनसाठी प्रति घनमीटर १०० बेकरेल ही संदर्भ पातळी ठेवावी आणि ते शक्य नसल्यास ३०० ची मर्यादा ओलांडू नये, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. हा वायू दिसत नाही किंवा त्याचा वासही येत नाही. त्यामुळे मोजणी हाच त्याचे प्रमाण जाणण्याचा एकमेव उपाय आहे. खिडक्या उघड्या ठेवून हवा खेळती राखणे, जमिनीतील भेगा बुजवणे आणि धूम्रपान टाळणे, हे उपाय ओटा उखडण्यापेक्षा अधिक परिणामकारक ठरतात.