एकल गायन आणि चलच्चित्र

स्वतः पद रचावे, एकाच वाद्यावर ते स्वतः गावे आणि गावोगाव हिंडून लोकांपुढे मांडावे, ही रीत वऱ्हाडास नवी नाही. यावली येथे १९०९ मध्ये जन्मलेले तुकडोजी महाराज खंजिरीवर स्वरचित भजने गात; १९५५ मध्ये ते जपानलाही जाऊन आले. त्यांचे भजन राजापेठेतील अभ्यासक आज छापील स्वरूपात वाचतो, तेव्हा त्याच्या हाती शब्द व छंद एवढेच लागतात. ध्वनिमुद्रणाने त्यांत सूर, लय आणि थापेची जागा यांची भर पडते. बोटांची हालचाल, मुद्रा व श्रोत्यांची एकाग्रता मात्र चलच्चित्रच दाखवू शकते. नील यंग यांच्या २०२३ मधील एकल दौऱ्यावरील, डॅरिल हॅना दिग्दर्शित ‘कोस्टल’ (२०२५) या चित्रपटाचे मोल याच दृष्टीने जाणावे. तथापि चित्रणातही निवड असतेच. कॅमेरा गायकावर स्थिरावला की समुदाय चौकटीबाहेर जातो. भजनाचा तर समुदाय हाच अर्धा देह होय. म्हणून संहिता, ध्वनी व चित्र ही तिन्ही साधने परस्परांशी ताडूनच निष्कर्ष काढणे युक्त ठरेल.