घराण्याचा माग – भाग ७ : खाडीच्या दोन काठांवर

मागच्या आठवड्यात आपण आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावरून निघून फेरफाराच्या नोंदीतल्या पणजोबांपर्यंत पोचलो होतो. त्यानंतर ठाणे, कल्याण आणि भिवंडीकडच्या वाचकांनी वेगवेगळ्या शब्दांत एकच गोष्ट विचारली आहे. आमचा मूळ पुरुष चिमाजी अप्पांबरोबर साष्टी-वसईच्या मोहिमेत होता असं घरात सांगतात, ते खरं आहे का आणि कुठे बघायचं?

आजचा भाग त्या प्रश्नासाठी. पण शोधाला लागण्याआधी नकाशा काढून ठाण्याची खाडी आणि उल्हास नदी नीट बघा. आज आपण कळव्याच्या पुलावरून लोकलने मिनिटभरात पार होतो ते पाणी दोनदा सरहद्द होऊन गेलं आहे. १७३७ पर्यंत खाडीपलीकडची साष्टी, म्हणजे ठाणं ज्या बेटावर आहे ते, पोर्तुगीजांची होती आणि कल्याण-भिवंडीची बाजू मराठ्यांची. मार्च १७३७ मध्ये मराठी फौजा खाडी उतरून ठाण्यात शिरल्या, मे १७३९ मध्ये वसई पडली आणि पुढची पस्तीस वर्षं दोन्ही काठ एकाच राज्यात होते. मग डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि पाणी पुन्हा सरहद्द झालं. १७८० मध्ये कल्याणही त्यांनी घेतलं होतं, पण १७८२ च्या सालबाईच्या तहात कल्याण परत आलं आणि साष्टी त्यांच्याकडेच राहिली. ही वाटणी थेट १८१७ पर्यंत टिकली.

हा इतिहास मी मुद्दाम उगाळतोय, कारण कुठलं दफ्तर उघडायचं ते यावर ठरतं. १७९० सालचा तुमचा पूर्वज ठाण्यात राहत असेल तर त्याचा कागद इंग्रजीत, कंपनी सरकारच्या दफ्तरात म्हणजे मुंबईच्या पुराभिलेखागारात शोधायचा. तोच माणूस कल्याणला असेल तर कागद मोडीत आणि पुण्याच्या पेशवे दफ्तरात. मध्ये अंतर वीसेक किलोमीटरचं! वर्षानुवर्षं पुण्यात खेपा घालून निराश झालेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांचा पूर्वज तेव्हा पलीकडच्या काठावर होता, एवढंच.

सरहद्दीवरच्या घराण्याचं आपल्या भागातलं ठळक उदाहरण अंजूरकर नाईकांचं. ठाण्याहून कशेळी-काल्हेरमार्गे भिवंडीला जाताना अंजूर फाटा लागतो, ते हे अंजूर. गंगाजी नाईक आणि त्यांचे भाऊ इथले. साष्टीतल्या रयतेची पोर्तुगीज अमलाबद्दलची गाऱ्हाणी त्यांनी पेशव्यांपर्यंत नेली, मुलखाची खडान्‌खडा माहिती पुरवली, आणि मोहिमेत ते प्रत्यक्ष उतरले. ‘साष्टीची बखर’ ही हकीगत तपशिलाने सांगते. चिंचवडच्या देवांकडून गणपती मिळाल्याची कथाही या घराण्यात सांगितली जाते.

बखर वाचताना भान मात्र राखायला हवं. बखर ही बहुधा घराण्याच्या बाजूने लिहिलेली असते आणि तिच्यात आपला माणूस कायम आघाडीवर असतो. म्हणून तिच्या शेजारी मोहीम चालू असतानाची पत्रं ठेवायची. रियासतकार सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड छापले, त्यांत वसईच्या मोहिमेची पत्रं आहेत. ती मोडीतून बाळबोधीत आलेली आहेत, तेव्हा मोडी न येणाऱ्यालाही वाचता येतात. त्या पत्रांत शंकराजी केशव, खंडोजी माणकर, वासुदेव जोशी, रामजी महादेव अशी नावं पुन्हा पुन्हा येतात. कोणाला किती माणसं दिली, होड्या कुठून आणल्या, दाणागोटा कसा पोचवायचा, असा रोजचा मजकूर त्यांत आहे. मोहिमेनंतरच्या इनामांसाठी आणि नेमणुकांसाठी गणेश चिमणाजी वाड यांनी निवडलेले पेशवे रोजनिशीतले उतारे बघावेत. पलीकडची बाजू पांडुरंग पिसुर्लेकरांच्या ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’मध्ये आहे. गोव्याच्या दफ्तरखान्यात आयुष्य घालवलेल्या या माणसाने शत्रूच्या कागदांतून आपला इतिहास काढून दिला, त्याचं ऋण मोठं आहे.

या सगळ्यात तुमच्या पूर्वजाचं नाव सापडेल का? सरळ शोधलंत तर बहुधा नाही. आडनाव शोधून तर नाहीच नाही. ‘नाईक’ हा हुद्दा, ‘अंजूरकर’ हा गावाचा पत्ता. जुन्या कागदात माणूस ओळखला जातो तो बापाच्या नावावरून, गावावरून आणि हक्कावरून.

या हक्काबद्दल मला आज सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे. सरहद्दीवर राज्य बदललं की नवा धनी पहिला प्रश्न विचारतो: इथे कोण काय खातो आणि कशाच्या आधारावर? मग पाटील, देशमुख, देशपांडे, इनामदार, देवस्थानाचा पुजारी, सगळे आपापल्या सनदा घेऊन दारात उभे राहतात. सनद हरवली असेल तर कैफियत लिहून देतात, आणि कैफियतीला जोडून वंशावळ येते, कारण आपण मूळ पुरुषाचेच वारस हे सिद्ध केल्याशिवाय हक्क पुढे चालत नाही. राज्य जितक्या वेळा बदललं तितक्या वेळा हा कागद नव्याने झाला. म्हणून शिवेवरच्या घराण्याचा माग कधी कधी आतल्या मुलखातल्या घराण्यापेक्षा सोपा निघतो. माणसाचं नाव हातात नसेल तर त्या गावातल्या त्या हक्काचा कागद धरा आणि हक्क कोणाकडून कोणाकडे गेला ते बघत मागे चला.

हक्क तपासण्याचे हे टप्पे इंग्रजी अमलातही चालू राहिले. १८५२ च्या कायद्यानंतर इनाम कमिशनने घाटावरच्या इनामांची झडती घेतली, १८६३ च्या दोन कायद्यांनी उरलेल्या मुलखातली इनामंही ठरावाखाली आणली. १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणी आली आणि तिच्यातून आपला सात-बारा. पुढे वतनं खालसा झाली तेव्हाही चौकश्या झाल्या. या प्रत्येक वेळच्या कागदात वारसांची नावं आहेत.

तारखेवरून मात्र भले भले फसतात. पेशवाईतल्या कागदावर साल अरबी शब्दांत असतं. ‘सबा सलासीन मया व अलफ’ म्हणजे सात, तीस, शंभर आणि हजार, एकूण ११३७. हा शुहूर सन. तो मृगाला बदलतो. कागद मृगापासून डिसेंबरपर्यंतचा असेल तर ५९९ मिळवायचे, जानेवारी ते मृगाच्या आतला असेल तर ६००. ठाणं घेतलं तो मार्च याच ११३७ मधला, म्हणून ६०० मिळवून १७३७ येतं. इथे एक वर्ष चुकलं की वंशावळीत मुलगा बापाच्या आधी वारस होतो आणि आपण कागदालाच खोटं ठरवून मोकळे होतो.

ख्रिस्ती कुटुंबांचा मार्ग वेगळा आणि पुष्कळदा सरळ आहे. सोळाव्या शतकातल्या ट्रेंटच्या धर्मसभेने प्रत्येक पॅरिशला बाप्तिस्म्याची आणि लग्नाची वही ठेवायला लावली. ज्या चर्चमध्ये त्या वह्या वाळवीतून आणि ओलीतून वाचल्या आहेत तिथे आईबापांबरोबर धर्ममातापित्यांचीही नावं मिळतात. फादरांची रीतसर परवानगी घ्या आणि पान स्वतः उलटू नका.

पण ज्यांच्याकडे वतन नव्हतं, इनाम नव्हतं, त्यांनी काय करायचं? आगरी, कोळी, कुणबी, आदिवासी घरांचा हा प्रश्न मला जास्त जवळचा वाटतो. त्यांच्यासाठी गाव नमुना १४, म्हणजे कोतवालाची जन्ममृत्यूची वही, हे खरं धन आहे. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीच्या कामासाठी कुणबी नोंदी शोधायला सुरुवात झाली तेव्हा राज्यभर तहसिलांतले, शाळांतले असे जुने मोडी कागद बाहेर निघाले, आणि अनेक जिल्ह्यांनी सापडलेल्या नोंदींच्या प्रती संकेतस्थळांवर ठेवल्या. कारण काहीही असो, ज्या गरिबाचा बखरीत उल्लेख नाही त्याच्या पणजोबाचं नाव त्यामुळे उजेडात आलं. याखेरीज नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांच्या नामावळ्या आहेतच. घरातलं कोणी कधी क्षौराला, श्राद्धाला तिथे गेलं असेल तर गावाच्या नावाने चोपडी निघते.

खाडीकाठच्या एका कोळी घरातला अनुभव सांगतो. आमच्या माणसाने अप्पासाहेबांचं लष्कर रात्री पलीकडे उतरवलं, अशी त्यांच्याकडची पिढीजात गोष्ट. पत्र्याच्या ट्रंकेत मिठाच्या हवेने पिवळे पडलेले तीन कागद होते. एक सात-बाराचा उतारा, एक फेरफाराची नक्कल आणि चार बोटं रुंदीची मोडी चिठी. कडा झडलेल्या, मधली घडी फाटून मागून गव्हाच्या खळीने पातळ कागद चिकटवलेला. घरातल्यांची खात्री होती की ती पेशव्यांची सनद आहे.

मी ती खिडकीशी नेऊन वाचली. ती सनद नव्हती. गावच्या तरीच्या, म्हणजे पार उतरवणाऱ्या होडीच्या, मक्त्याचा एक हप्ता भरल्याची ती पोच होती, साल इसवीचं. १८६८ च्या कायद्याने तरी सरकारी नियमाखाली आल्या आणि मक्त्याने दिल्या जाऊ लागल्या, त्यानंतरचा हा कागद. १७३७ ची गोष्ट त्याने सिद्ध झाली नाही, खोटीही ठरली नाही. पण मध्ये राज्यं बदलून गेल्यावरही हे घर त्याच पाण्यावर तर चालवत होतं, एवढं पक्कं झालं. आता मागचा शोध त्या तरीच्या नावाने करायचा आहे, माणसाच्या नावाने नाही.

मग भरणाराच्या नावापाशी थांबलो. जुन्या सरकारी कागदात ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा आणि ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको, हे मागच्या भागात आलंच आहे. इथे ‘कोम’ होतं. मक्ता एका बाईच्या नावावर होता. फेरफाराची नक्कल शेजारी ठेवल्यावर जुळणी लागली. तिचा नवरा मयत, आणि मुलापुढे ‘अज्ञान’ असा शेरा. मुलगा हाताशी येईपर्यंत खाडीवरची तर तिने चालवली होती.

घरातल्या वंशावळीत नऊ पिढ्यांची पुरुषांची नावं होती, ही नव्हती. त्या घरातल्या आजींनी ते नाव दोनदा माझ्याकडून वाचून घेतलं, मग नातवाला पेन आणायला सांगितलं.

पुढच्या आठवड्यात : तहसील कार्यालयात नकलेचा अर्ज कसा करायचा, आणि मोडी वाचणारा माणूस कुठे भेटतो.