बाळाच्या रक्ताचा अहवाल आणि आजीची नजर

स्वारगेटच्या माझ्या दवाखान्यात आजी-आजोबांकडून एक प्रश्न वारंवार येतो : “डॉक्टर, बाळाचा सीआरपी नॉर्मल आला, तरी त्याला रुग्णालयातून घरी का सोडत नाहीत?” प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आपण समजून घ्यावे.

जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांत जंतू रक्तात शिरले, तर आजार काही तासांतच बळावू शकतो. यालाच सेप्सिस म्हणतात. सीआरपी हे यकृतात तयार होणारे प्रथिन संसर्गानंतर रक्तात वाढते. मात्र वाढ दिसण्यास बहुधा ६ ते १२ तास लागतात. म्हणून सुरुवातीचा एकच नॉर्मल अहवाल निर्णायक नसतो. साधारण २४ तासांनी तपासणी पुन्हा करतात. उलट, अवघड प्रसूतीनंतर संसर्ग नसतानाही सीआरपी वाढलेला आढळतो. प्रोकॅल्सिटोनिन त्याहून लवकर वाढते. परंतु निरोगी बाळातही पहिल्या दोन दिवसांत ते स्वाभाविकपणे चढते.

प्रत्यक्ष जंतू शोधणाऱ्या ब्लड कल्चरला साधारण २४ ते ४८ तास लागतात. तोवर थांबणे धोक्याचे असल्याने प्रतिजैविके आधीच सुरू केली जातात. पुढे कल्चरमध्ये जंतू आढळले नाहीत, सीआरपी वाढला नाही आणि बाळ सुधारले, तर ती वेळीच बंद करता येतात. या तपासणीचा मोठा उपयोग तोच.

मग प्रयोगशाळाच नसेल तर? गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातील स्त्रियांना नवजात बाळाच्या काळजीचे आणि सेप्सिसच्या खुणा ओळखून उपचार करण्याचे प्रशिक्षण दिले. घरपोच काळजीच्या या संपूर्ण कार्यक्रमामुळे नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटला, हे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले.

या खुणा आपणही ओळखू शकता :

• बाळ दूध ओढेनासे होणे, रडणे क्षीण होणे
• अंग गार पडणे किंवा ताप येणे
• सुस्ती किंवा झटके
• मिनिटाला ६० किंवा अधिक श्वास, छाती आत ओढली जाणे
• बेंबीभोवती लाली किंवा पू

यांपैकी एकही खूण दिसली, तर गुटी, शेक यांत वेळ दवडू नये. बाळाला उबदार गुंडाळून तत्काळ रुग्णालयात न्यावे. वाहन नसल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. कालचा अहवाल नॉर्मल होता, म्हणून थांबू नये. कागद कालचा असतो. बाळ आज आजारी असते.