लेहीचे वंशज आणि डीएनएची साक्ष
‘बुक ऑफ मॉर्मन’ हा मॉर्मन पंथाचा ग्रंथ पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ याने १८३० साली न्यूयॉर्क राज्यातल्या पाल्मायरा गावी छापून घेतला. त्यातली मुख्य कथा अशी: इ.स.पू. ६०० च्या सुमारास लेही नावाचा गृहस्थ कुटुंबकबिला घेऊन जेरुसलेमहून निघाला आणि समुद्रमार्गे नव्या भूमीत पोचला. त्याच्या मुलांपासून नेफाइट आणि लेमनाइट असे दोन समाज झाले. ते लढत राहिले आणि अखेर नेफाइट संपले. उरलेले लेमनाइट म्हणजेच अमेरिकेचे मूळ रहिवासी, ही मॉर्मनांची जुनी समजूत. १९८१ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत तर लेमनाइट हे या लोकांचे प्रमुख पूर्वज असल्याचं छापलेलंच होतं.

या विधानाची तपासणी करता येते. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए फक्त आईकडून येतो. आईला आजीकडून, आजीला पणजीकडून. बापाकडची सरमिसळ त्यात नसते. कधीमधी होणारे बारीक बदल मात्र साचत जातात, आणि ज्यांच्यात ते सारखे आढळतात त्यांचा एक मातृवंश धरला जातो. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांत असे पाच वंश दिसतात: ए, बी, सी, डी आणि उत्तरेकडे थोडा एक्स. पहिल्या चारांचे नातेवाईक आशियात, सायबेरियाच्या बाजूला सापडतात. एक्सचे भाईबंद मध्यपूर्वेतही आहेत, म्हणून काही मॉर्मन लेखकांनी तो धागा पकडला. पण अमेरिकेतली एक्स-टू-ए ही शाखा मध्यपूर्वेत मिळत नाही. शिवाय वॉशिंग्टन राज्यात कोलंबिया नदीकाठी १९९६ साली सापडलेल्या ‘केनेविक मानवा’च्या हाडातून २०१५ साली नेमकी हीच शाखा निघाली. हा माणूस लेहीच्या सुमारे सहा हजार वर्षं आधीचा! एक्सचा प्रश्न माझ्या मते तिथेच निकालात निघाला.

वादाला जाहीर तोंड फुटलं ते थॉमस मर्फी या मानववंशशास्त्रज्ञाच्या २००२ च्या लेखाने. पाठोपाठ २००४ साली सायमन साउदर्टन यांचं पुस्तक आलं. साउदर्टन ऑस्ट्रेलियातले वनस्पती-जनुकशास्त्रज्ञ, आणि एके काळी मॉर्मन चर्चचे बिशपही. म्हणून ते जास्त झोंबलं.

चर्चने २०१४ साली सविस्तर उत्तर दिलं. लेहीची माणसं थोडी होती, खंडात आधीपासून पुष्कळ लोक होते, त्यांच्यात ती मिसळली आणि त्यांच्या खुणा पुसल्या गेल्या, असा त्याचा गाभा. ही पळवाट म्हणून झटकून टाकू नये, कारण यातलं विज्ञान खरं आहे. दहा पिढ्या मागे गेलं की वंशवृक्षात १,०२४ जागा होतात. मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए मात्र त्यातल्या एकाच बाईचा. बाकीचा डीएनए दर पिढीत निम्मा गळतो, तुकड्यातुकड्यांनी वाटला जातो. शंभरेक पिढ्यांनंतर खऱ्याखुऱ्या पूर्वजाचा एकही तुकडा अंगात नसू शकतो.

खुणा टिकतात कधी, याचं उदाहरण आपल्या कोकणातच आहे. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपण झालो, अशी बेने इस्रायल या ज्यू समाजाची परंपरा. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात या समाजात ज्यू आणि स्थानिक भारतीय, दोन्ही वारसे स्पष्ट दिसले. म्हणजे थोड्या माणसांचा माग लागू शकतो. मात्र हा समाज बराच काळ आपसातच सोयरीक करत राहिला. मोठ्या लोकसंख्येत विरून गेलेल्या कुटुंबाला तो नियम लावता येत नाही.

चर्चच्या उत्तराची खरी अडचण ग्रंथातच आहे. शेवटच्या लढाईत नेफाइटांचे दोन लाखांवर लोक पडले आणि लेमनाइट त्यांच्याहून अधिक होते, असं तो सांगतो. एवढा मोठा समाज आणि पुसून जाण्याइतकी थोडी माणसं, या दोन गोष्टींचा मेळ घालणं अवघड आहे. प्रस्तावना मात्र बदलली. २००६ च्या आवृत्तीपासून लेमनाइट प्रमुख पूर्वज राहिले नाहीत, अनेक पूर्वजांपैकी एक झाले. या नव्या रूपातला दावा डीएनए खोडू शकत नाही, तसाच त्याला आधारही देत नाही. पुरावा हवा असेल तर पुरातत्त्वाकडे वळावं लागेल. ग्रंथात आलेल्या घोड्यांचा आणि पोलादाचा त्या काळातल्या अमेरिकेतला सर्वमान्य पुरावा तिथेही अजून मिळालेला नाही.