एक गाणं, दोन गळे

टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेची अंतिम फेरी पाहिली आहे ना? शेवटी दोघंच उरतात, निवेदक लिफाफा उघडायला मुद्दाम वेळ लावतो आणि आपण इकडे घरात बसून नखं खातो! 25 मे 2005 च्या रात्री अख्खी अमेरिका अशीच टीव्हीसमोर बसली होती. स्पर्धा होती ‘अमेरिकन आयडॉल’. एका बाजूला रॉक गाणारा, लांब केसांचा बो बाइस. दुसऱ्या बाजूला कॅरी अंडरवूड, ओक्लाहोमा राज्यातल्या चेकोटा नावाच्या लहानशा गावात, शेतावर वाढलेली 22 वर्षांची मुलगी. ती गायची कंट्री. कंट्री म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या खेड्यापाड्यांत रुजलेलं संगीत. साथीला गिटार, बँजो आणि फिडल, म्हणजे आपलं व्हायोलिनच. आणि गाण्यात बहुतेक वेळा एखादी गोष्ट असतेच.

कॅरी जिंकली. पण मला तुम्हाला वेगळंच सांगायचंय. ‘इनसाइड युवर हेवन’ हे एकच गाणं कॅरी आणि बो या दोघांनीही रेकॉर्ड केलं. कॅरीचं गाणं बाजारात आलं आणि अमेरिकेतल्या ‘बिलबोर्ड’ मासिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या मुख्य यादीत थेट पहिल्या क्रमांकावर जाऊन बसलं. आल्या आल्या पहिला नंबर, असं त्याआधी कुठल्याच कंट्री गायकाला जमलं नव्हतं!

आता गंमत बघा. शब्द तेच, चाल तीच. तरी डोळे मिटून ऐकलं तर कोण गातंय ते क्षणात कळतं. कशावरून?

आपल्या गळ्यात स्वरतंतूंच्या दोन घड्या असतात. फुप्फुसातून हवा वर आली की त्या थरथरतात. पुरुषांच्या घड्या लांब आणि जाड, म्हणून साधं बोलताना त्या सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा थरथरतात. बायकांच्या साधारण दोनशे वेळा. म्हणून पुरुषाचा आवाज खालचा आणि बाईचा वरचा. पण समजा, दोघांनी अगदी एकच सूर लावला, सेकंदाला 220 कंपनांचा. मग तरी आवाज सारखे येतील? छे! कारण गळ्यातून 220 चा सूर एकटा कधीच निघत नाही. त्याच्यासोबत 440, 660, 880 असे वरचे सूरही बारीक आवाजात निघतात. त्यांना उपस्वर म्हणतात. तानपुऱ्याच्या तारा षड्ज-पंचमात लावलेल्या असताना त्यातून कुणीही न छेडलेला गंधार ऐकू येतो ना, तो या उपस्वरांचाच चमत्कार. यातले कोणते उपस्वर ठसठशीत होणार आणि कोणते दबणार, हे तुमचा घसा, तोंड आणि नाक यांतल्या पोकळ्यांचा आकार ठरवतो. तो प्रत्येकाचा निराळा. म्हणून आवाजाचा पोतही निराळा.

जिंकल्यावर सहा महिन्यांच्या आत, नोव्हेंबर 2005 मध्ये, कॅरीचा पहिला अल्बम आला, ‘सम हार्ट्स’. एवढ्या झटपट? झटपट कामासाठी कंट्री संगीताची राजधानी असलेल्या नॅशव्हिल शहरातले वादक भलतेच तयारीचे असतात. तिथली एक युक्ती तर मला फार आवडते. गायिका ऐन वेळी म्हणाली, “आज घसा बसलाय, पट्टी जरा खाली घेऊ या,” तर सगळ्या वादकांनी कागद पुन्हा लिहायचे का? 1950 च्या दशकाच्या शेवटी नील मॅथ्यूज नावाच्या गायकाने यावर तोड काढली. स्वरांची नावं लिहायचीच नाहीत, आकडे लिहायचे! पट्टीचा पहिला स्वर 1, चौथा 4, पाचवा 5. पट्टी कोणतीही घ्या, कागद तोच. ओळखीचं वाटतंय? अहो, आपला ‘सा’ही असाच असतो. कुणाचा काळी एक, कुणाचा काळी पाच. सा हलला की त्याच्यासोबत म आणि प आपोआप हलतात. हजारो मैलांवरच्या वादकांनाही तोच मार्ग सुचला, याचं मला अजून नवल वाटतं.

कंट्रीच्या गाण्यात मागे एखादा सूर रडत रडत घसरत गेल्यासारखा ऐकू येतो. ते वाद्य म्हणजे पेडल स्टील गिटार. ते टेबलासारखं आडवं ठेवतात. तारांवर पोलादी दांडी सरकवतात आणि पायाने, गुडघ्याने खटके दाबून तारा ताणतात. एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता जायचं, म्हणजे आपली मींडच झाली!

आणि हे सगळे एकाच वेळी वाजवतात असं नाही हं. ढोल, गिटार, फिडल, गळा, प्रत्येकाचा आवाज वेगळ्या ट्रॅकवर टिपता येतो. आज ढोल वाजतो आणि पुढच्या आठवड्यात गायिका काचेआड उभी राहून, हेडफोनमध्ये तोच ढोल ऐकत गाते. एखादी ओळ पहिल्या वेळी छान लागली, दुसरी पाचव्या वेळी, तर त्या दोन ओळी जोडताही येतात. मागे कोरस म्हणून कधी कधी तीच गायिका पुन्हा गाते आणि स्वतःलाच साथ देते!

मग हा आवाज सीडीत जातो कसा? आकडे होऊन. हवेचा दाब एका सेकंदात 44,100 वेळा मोजतात आणि प्रत्येक वेळी एक आकडा लिहितात. इतके कशाला? आपले कान फार तर सेकंदाला 20,000 कंपनांपर्यंत ऐकतात. कंपन म्हणजे दाब एकदा वर, एकदा खाली. ते नीट पकडायचं तर प्रत्येक कंपनाला दोनाहून जास्त मापं हवीत. डाव्या आणि उजव्या कानाचे आकडे वेगळे. म्हणजे चार मिनिटांच्या गाण्यात 2 कोटी 11 लाख 68 हजार आकडे!

कॅरीने 2022 पर्यंत असे नऊ अल्बम केले. 2012 च्या ‘ब्लोन अवे’च्या शीर्षकगीतात भलंमोठं टोर्नॅडो वादळ येतं, आणि ओक्लाहोमा तर वादळांचंच राज्य. या गाण्याला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. 2020 च्या नाताळच्या अल्बममध्ये एका गाण्यात तिचा छोटा मुलगाही गायला आहे. आईच्या आणि मुलाच्या गळ्यातला फरक ऐकायला ते गाणं झकास आहे.

आता तुम्ही एक करा. मोबाइलवर स्वतःचं गाणं रेकॉर्ड करा आणि ऐका. “शी, हा माझा आवाज?” असं होईल. बोलताना आपला आवाज आपल्याला हवेतून येतो, तसा कवटीच्या हाडांतूनही येतो. हाडांतून खालचे सूर चांगले पोचतात, म्हणून आपल्याला आपला आवाज भारदस्त वाटतो. मोबाइलला मात्र फक्त हवेतला आवाज मिळतो. तुमच्या मित्रांना रोज ऐकू येतो तो हाच. मग तीच ओळ ताईला नाहीतर आजोबांना त्याच पट्टीत गायला सांगा आणि दोन्ही आवाज लागोपाठ लावून बघा.